परदेशची सून

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाचे भाषण म्हटले की वक्तीने स्त्रीशक्ती, त्याग आणि संस्कृती या तीन शब्दांची माळ ओवावी आणि श्रोत्यांनी हळूच घड्याळाकडे पाहावे, अशी आपली जुनी वहिवाट आहे. ती आज मोडण्याची परवानगी मी चिटणीसबाईंकडून आधीच घेऊन ठेवली आहे. मी बोलणार आहे ते घरातल्याच एका गोष्टीवर, परदेशातून आपल्या घरात येणाऱ्या सुनेवर.

हा विषय मी हवेतून काढलेला नाही. आपल्या मंडळातल्या किती जणींची मुले आज अमेरिकेत, जर्मनीत, इंग्लंडात आहेत ते तुम्हीच मोजा. गेल्या वर्षभरात आपल्यापैकी तिघींनी मला गाठून एकच प्रश्न विचारला: "मुलाने तिकडची मुलगी पसंत केली आहे हो, आता घरात कसे व्हायचे?" एकीने डोळ्यांत पाणी आणून विचारले, एकीने हसत हसत. तिसरीने तर इतक्या हळू आवाजात विचारले की जणू मुलाने काही गुन्हाच केला आहे! तिघींनाही मी म्हटले, "सभेत सांगते." तेव्हा आजचे हे बोलणे म्हणजे त्या तीन प्रश्नांचे उधार फेडणे आहे असे समजा.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेऊ. परभाषेतली सून सोलापूरला नवी नाही. या गावात साखर पेठेत तेलुगू चालते, बाजारात कानडी चालते, आणि मराठी तर सगळीकडेच. मी स्वतः विजापूरकडची, कानडी घरातली. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच दिवशी सासूबाईंना "अत्ती" म्हणून हाक मारली. कानडीत सासूलाही अत्ती आणि वडिलांच्या बहिणीलाही अत्ती. इकडच्या मंडळींना वाटले, नवी सून सासूला आत्याबाई करते आहे! ओटीवर बसलेल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "म्हणू दे तिला अत्ती. मला आत्याबाई म्हणणारी भाची नव्हतीच." पुढे अकरा वर्षे त्या हयात होत्या, तोवर मी त्यांना अत्तीच म्हणत आले. विजापूर इथून अवघे शंभर किलोमीटर. तेवढ्यात शब्दाचे नाते बदलते, तर सात समुद्रांपलीकडून येणाऱ्या मुलीचे काय होत असेल याची कल्पना करा.

आता आपल्या गावच्याच सुनेपासून आरंभ करू. डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे, हे शाळेतले मूलही सांगेल. जन्म १९१० चा. मुंबईच्या गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून ते डॉक्टर झाले. १९३८ साली जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनला काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठविले, त्यात ते गेले. वाटेत चीनमध्ये असतानाच वडील वारल्याची वार्ता त्यांना कळली. घरी परत येण्याची मोकळीक असूनही ते तिथेच राहिले. हे सारे आपण व्याख्यानांतून ऐकतो, आणि १९४६ साली व्ही. शांताराम यांनी काढलेला 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' हा बोलपट आपल्या आयांनी पाहिलेला आहे. त्यात चिनी मुलीची भूमिका जयश्रीबाईंनी केली. परंतु त्या खऱ्या मुलीची, आपल्या गावच्या सुनेची, आपण किती विचारपूस केली?

तिचे नाव गुओ छिंगलान. ती परिचारिका होती. कॅनडाचे नामवंत शल्यविशारद डॉ. नॉर्मन बेथून चीनमध्ये सेवा करताना १९३९ मध्ये वारले. त्यांच्या समाधीच्या समारंभात तिने या हिंदी डॉक्टरला प्रथम पाहिले. परका माणूस चिनी बोलतो आणि काही अक्षरे लिहितोसुद्धा, याचे तिला मोठे नवल वाटले. पुढे बेथून यांच्याच नावाच्या रुग्णालयाचे कोटणीस प्रमुख झाले, आणि २५ नोव्हेंबर १९४१ रोजी त्या दोघांचे लग्न झाले. युद्धाच्या धामधुमीतला संसार तो! उत्तर चीनच्या त्या डोंगराळ मुलखात मुख्य धान्य राळे. आपल्याकडच्या जुन्या बायकांना राळ्याचा भात ठाऊक आहे, आजच्या मुलींना तो पाहायलाही मिळत नाही. सोलापूरची ज्वारी खाऊन वाढलेला हा मुलगा तिकडे राळ्यावर राहिला. म्हणजे बघा, परदेशातली सून आपण म्हणतो, पण त्या संसारात परदेशातला होता तो जावई.

ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव ठेवले यिनहुआ. यिन म्हणजे हिंदुस्थान, हुआ म्हणजे चीन. एका नावात दोन्ही घरे आली. बाळ साडेतीन महिन्यांचे होते तोच, ९ डिसेंबर १९४२ रोजी, कोटणीस अपस्माराच्या झटक्याने गेले. वय बत्तीस. त्या बाईची सासू हजारो मैलांवर, मध्ये महायुद्ध, आणि कडेवर तान्हे मूल. पुढे त्यांनी दुसरा संसार मांडला, आणि मी म्हणते योग्यच केले. तरीदेखील पहिल्या घराचे नाते त्यांनी तोडले नाही. त्या अनेकदा भारतात आल्या आणि कोटणीसांच्या माणसांशी त्यांनी शेवटपर्यंत जिव्हाळा ठेवला. १९६२ च्या युद्धाने दोन देशांत वैर आले, हे लक्षात घेतले म्हणजे या जिव्हाळ्याचे मोल कळते. मुलगाही वैद्यकी शिकत होता, तो १९६७ साली ऐन चोविशीत गेला. गुओबाईंनी त्यानंतरही दीर्घ आयुष्य काढले आणि २०१२ साली त्या वारल्या. त्यांनी आपल्या सहजीवनाच्या आठवणी लिहून ठेवल्या आहेत. भैय्या चौकातले कोटणीस स्मारक तुम्ही बहुतेकींनी बाहेरून पाहिले असेल. एकदा आत जाऊन पाहा. मुलांना घेऊन जा, आणि त्यांना डॉक्टरांबरोबर या बाईचेही नाव सांगा.

आता अमेरिकेकडे वळते, कारण आपल्या तिघींपैकी दोघींच्या होणाऱ्या सुना तिथल्याच आहेत. अमेरिकन बायका सोलापूरला नव्या नव्हत्या. एकोणिसाव्या शतकापासून अमेरिकन मराठी मिशनच्या बायका इथे शाळा-दवाखाने चालवीत होत्या. पण त्या बंगल्यात राहिल्या. सून म्हणून स्वयंपाकघरात आली ती निराळी. मराठी घराण्यात आलेली आणि वर्तमानपत्रांत अतोनात गाजलेली पहिली अमेरिकन सून म्हणजे सिअॅटलची नॅन्सी मिलर. इंदूरचे तुकोजीराव होळकर १९२६ साली गादीवरून पायउतार झाले होते. त्यांच्याशी तिचे लग्न मार्च १९२८ मध्ये झाले. त्याआधी नाशिकला करवीर पीठाचे शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांनी तिला हिंदू धर्माची दीक्षा दिली, एका धनगर कुटुंबाने तिला दत्तक घेतले, आणि ती शर्मिष्ठादेवी झाली. केवढा गदारोळ झाला म्हणता! बाजूने सभा, विरुद्ध सभा. आणि खुद्द तिच्या देशात काय होते? १९०७ च्या कायद्याने परदेशी माणसाशी लग्न करणाऱ्या अमेरिकन बाईचे नागरिकत्वच जात असे. १९२२ मध्ये तो कायदा सैल झाला, पण एक खोच राहिली: नवरा जर अमेरिकन नागरिक होण्यास अपात्र अशा वंशाचा असेल, तर बायकोचे नागरिकत्व जायचेच. आणि हिंदी माणूस अपात्र आहे असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९२३ मध्ये ठरवून टाकलेले. ही खोच १९३१ मध्ये निघाली. सनातनी आपल्याकडेच असतात असे समजण्याचे कारण नाही.

तिच्यानंतर चार वर्षांनी, १९३२ मध्ये, स्वित्झर्लंडची ईव्ह इव्हॉन ही मुलगी विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून सावित्रीबाई खानोलकर झाली. मराठी, संस्कृत, हिंदी शिकली, मांसाहार सोडला, आणि महाराष्ट्रातल्या संतांवर पुस्तक लिहिले. रणांगणावरच्या अतुल पराक्रमासाठी दिले जाणारे परमवीर चक्र आपण छातीवर पाहतो, त्याची आकृती या सावित्रीबाईंनी काढली. दधीची ऋषींनी आपल्या अस्थी दिल्या आणि त्यांचे वज्र झाले, ही कथा आपण कीर्तनात ऐकतो आणि विसरतो. सुनेने ती उचलली आणि पदकावर कोरली.

परंतु राजवाडा आणि लष्करी छावणी ही काही आपली घरे नव्हेत. आपल्यासारख्या घराची गोष्ट हवी असेल तर सांगली जिल्ह्यातल्या कासेगावला जावे लागेल. तिथली सून डॉ. गेल ऑम्व्हेट.

गेलबाई १९४१ च्या, अमेरिकेतल्या मिनियापोलिसच्या. मिनेसोटा म्हणजे हिवाळ्यात तळी गोठून त्यांवरून मोटारी जाव्यात असा मुलूख. १९६३ साली त्या प्रथम भारतात आल्या त्या इंग्रजी शिकविण्यासाठी. नंतर १९७० च्या सुमारास पुन्हा आल्या, आणि कशासाठी? महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीचा अभ्यास करण्यासाठी! आपल्यापैकी पदवीधर असलेल्या किती जणींनी तोवर जोतीरावांचे पुस्तक उघडले होते, हे मी विचारीत नाही. १९७३ मध्ये बर्कलेच्या विद्यापीठाने त्यांना त्या अभ्यासाबद्दल डॉक्टरेट दिली. १९७६ मध्ये त्यांनी भारत पाटणकर यांच्याशी लग्न केले. पाटणकर वैद्यकीचे शिक्षण घेतलेले, पण दवाखाना थाटण्याऐवजी पूर्ण वेळ चळवळीत पडलेले. म्हणजे डॉक्टर जावई मिळाला म्हणून अमेरिकेतल्या व्याहीबाईंनी हुरळून जावे अशीही सोय नव्हती!

घर कसे होते ते पाहा. सासूबाई इंदुताई पाटणकर. १९४२ च्या लढ्यात आणि पुढे क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारात ज्या मुली घर सोडून उतरल्या, त्यांतल्या या एक. पती बाबूजी पाटणकर हेही त्याच लढ्यातले. ते तरुणपणीच गेले, आणि इंदुताईंनी एकटीने मुलगा वाढविला. अशा बाईच्या दारी अमेरिकन सून आली. मला नेहमी वाटते, की परदेशच्या सुनेचे बस्तान बसते की नाही हे सुनेपेक्षा सासूवर अधिक अवलंबून असते, आणि सासूचे सारे अवलंबून असते ती स्वतः कधी उंबऱ्याबाहेर पडली होती की नाही यावर. जिने स्वतः पोलिसांचा ससेमिरा चुकवीत रानोमाळ दिवस काढले, तिला सुनेने कुंकू लावले नाही की मंगळसूत्र घातले नाही, याचे कितीसे वाटणार? सासू आणि सून एकाच मोर्चात बसत. सांगली-सातारा भागातल्या परित्यक्ता स्त्रियांचा प्रश्न १९८० नंतरच्या काळात स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीने उठविला, त्यात या दोघी होत्या. नवऱ्याने टाकलेल्या बाईला रेशनकार्ड नाही, राहायला जागा नाही, पोटगी कागदावर. अशा बायकांना घेऊन सरकारच्या दारात बसायचे, हे काम. अमेरिकेतली मुलगी आपल्या टाकलेल्या लेकीबाळींसाठी उन्हात बसली, हे मला तिच्या सगळ्या पुस्तकांहून मोठे वाटते. आणि पुस्तकेही काही थोडी नाहीत!

त्यांची मराठी? उच्चार अमेरिकन, पण खेड्यातल्या सभेत त्या मराठीतच बोलत. १९८३ मध्ये त्यांनी भारताचे नागरिकत्व घेतले. आपला कायदा दोन नागरिकत्वे मानीत नाही. तेव्हा भारताचे घ्यायचे म्हणजे अमेरिकेचे सोडायचे. ज्या पारपत्रासाठी आपली मुले रात्री दोनला उठून संगणकापुढे बसतात, ते या बाईंनी परत देऊन टाकले. गावात त्यांना शलाका या नावानेही ओळखत. नवऱ्याबरोबर त्यांनी तुकोबांचे अभंग इंग्रजीत नेले. २०१७ मध्ये इंदुताई गेल्या, आणि २५ ऑगस्ट २०२१ रोजी, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, गेलबाईंनी कासेगावातच देह ठेवला. चार दशकांहून अधिक काळचा संसार. मतभेद त्यांच्याशी पुष्कळांचे होते. मोठ्या धरणांबद्दल, शेतमालाच्या बाजाराबद्दल त्यांची मते त्यांच्या जुन्या सोबत्यांनाही पटत नसत. पण "तुम्ही बाहेरच्या, तुम्हाला काय कळते" हे वाक्य त्यांच्यापुढे फार वेळ टिकत नसे.

आता कोणी म्हणेल, या सगळ्या लोकोत्तर बायका झाल्या. आमची येणारी सून संगणकाच्या कचेरीत काम करते, तिला ना फुले ठाऊक ना तुकोबा. बरोबर आहे. मग साध्या गोष्टी बोलू.

अमेरिकेत सासूला नावाने हाक मारण्याची रीत सर्रास आहे. उद्या ती तुम्हाला नुसते "सुशीला" किंवा "कमल" म्हणेल. त्यात अपमान नाही. तिच्या इंग्रजीत 'तू' आणि 'तुम्ही' यांना शब्दच एक आहे. जर्मन घरात लग्न होऊन गेलेल्या अमेरिकन मुलीचीही हीच फजिती होते, कारण जर्मन भाषेत आपल्यासारखेच 'दू' आणि 'झी' असे दोन आहेत, आणि कोणाला केव्हा 'दू' म्हणायचे हे वडील माणसाने सांगावे लागते. तिथे तर रविवारी दुकाने बंद, आणि त्या दिवशी भिंतीत खिळा ठोकला तरी शेजारी दार वाजवतो म्हणतात. म्हणजे शिस्तीच्या माहेरातून शिस्तीच्या सासरी गेली तरी मुलीला नवे शिकणे चुकत नाही. तुम्ही सुनेला पहिल्याच दिवशी सांगून टाका, मला अमुक म्हण. 'आई' म्हणायला जड जात असेल तर दुसरे काही म्हणू द्या. तिला तिची आई आहे.

दुसरे, ती पाण्याचा पेला दिला तरी आभार मानील. आपल्याकडे घरच्या माणसाचे आभार मानले की ते परके वाटते. तिच्याकडे मानले नाहीत तर ते उद्धट वाटते. दोन्ही घरे सभ्यच, पण सभ्यतेची नाणी निराळी. तसेच दाराचे. ती दार लावून बसली म्हणजे रुसली असे नव्हे. आपल्या घरांत दार लावून बसण्याचे कारण रुसवा किंवा कपडे बदलणे, एवढेच असते. तिच्या घरी एकटे बसणे हे झोपेसारखे लागते. उन्हाळ्यात मात्र सोलापूरला पहिल्या खेपेस बोलावू नका एवढे मी हात जोडून सांगते. पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर गेला की आपल्यालाच माहेर आठवते. गड्ड्याच्या यात्रेला बोलवा. संक्रांतीची थंडी असते, सिद्धेश्वराच्या नंदीध्वजांची मिरवणूक दिसते, हुरडा मिळतो. शेंगाचटणी दह्यात कालवून द्या, कोरडी नंतर. कडक भाकरी तिला बहुधा पहिल्याच घासाला आवडेल, कारण तिकडे कडक, कुरकुरीत खाण्याची सवय असते. माझ्या एका मैत्रिणीच्या सुनेने तर परत जाताना पेटीत साड्यांऐवजी दोन डझन कडक भाकऱ्या भरल्या.

आणि एक कठीण गोष्ट, जी आपण आपसातही बोलत नाही. तिला जशी आपली भाषा येत नाही, तशी आपल्यापैकी पुष्कळजणींना तिची येत नाही. मुलगा दोघींमध्ये दुभाषा होतो. तो दमतो, अर्धेच सांगतो, आणि अडचणीचे असेल तर सांगतच नाही. मग सासूला वाटते सून घुमी, सुनेला वाटते सासू कडक. यातून वाट एकच, मुलाला मधून काढावे. दोघींनी मिळून करण्याचे हातचे काम काढावे, निवडण्याचे, विणण्याचे, काहीही. मोडके शब्द तिथे आपोआप सुचतात. आणि नातवंडांशी मराठी बोलायची असेल तर ती पहिल्या दिवसापासून. पाचव्या वर्षी आरंभ केला तर मूल इंग्रजीत उत्तर देते.

कायद्याचेही थोडे ऐका, कारण यात फार घोटाळे होतात. लग्न इथे नोंदवायचे असेल तर १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदवता येते. धर्म बदलावा लागत नाही. दोघांपैकी एकाचे जिल्ह्यात तीस दिवस वास्तव्य हवे, नोटिशीनंतर आणखी तीस दिवस थांबावे लागते, आणि साक्षीदार तीन लागतात. एका बाईंचा मुलगा बारा दिवसांची रजा घेऊन आला आणि कचेरीच्या पायऱ्यांवरून परत गेला. तेव्हा आधी दिवस मोजा, मग कार्यालय ठरवा. नोंदलेले लग्न दोन वर्षे टिकले की सुनेला परदेशस्थ भारतीय नागरिक म्हणून नोंदणी मागता येते. मग वारंवार व्हिसा काढावा लागत नाही. पण नावात नागरिक असले तरी ते नागरिकत्व नव्हे. मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. तेव्हा सुनेच्या नावाने शेत घेण्याचा बेत कोणी करीत असेल तर थांबा. खरे नागरिकत्व हवे असेल तर सात वर्षांचे वास्तव्य लागते, आणि तिचे पहिले पारपत्र जाते. ते सोडायचे की नाही हे तिचे तिने ठरवायचे आहे. सासरच्या माणसांनी त्यात भीड घालू नये.

हे सारे मुद्दे मी एका कागदावर लिहून आणले आहेत, अर्ज कुठे करायचा तेही त्यात आहे. चिटणीसबाईंकडे प्रती ठेवल्या आहेत. ज्या तिघींनी विचारले होते त्यांची नावे मी सांगणार नाही, पण त्यांनी चहाच्या वेळी एकेक प्रत घेऊन जावी. आणि चौथी कोणी असेल तर तिनेही न्यावी.